लहानच की

फ्रान्सचं पाकीट आधी बेलग्रेडला गेलं.
तिथल्या कुणीतरी पेन्सिलीने 'भारत?' लिहून पुढे ढकललं,
आणि एकोणचाळीस दिवसांनी
कॅम्पातल्या माझ्या फाटकाशी पोचलं
अडिवेप्पाच्या सायकलवरून.
पत्त्यात गावाचं जुनं नाव.
नवं त्यांना कुणी कळवलं नव्हतं. मीही नाही.

पत्र देऊन तो गेला नाही.
त्याचा डोळा तिकिटावर.
मी उभ्या उभ्याच फोडलं.

'यापुढे न देण्याचे ठरवण्यात आले आहे.'

तीस वर्षं कॉन्व्हेंटच्या मुलींना सांगितलं,
आधी कर्ता शोधा.
इथे शोधला. पानभर नव्हता.
वारसदार होते, निधी होता,
वाचकांच्या बदललेल्या सवयी होत्या,
सगळे भिंतीला टेकून उभे, हात मागे.
कोपऱ्यावरची मराठी शाळा बंद झाली
तेव्हा दारावरच्या कागदावरही हेच क्रियापद होतं,
दोन लिप्यांत.

पुरस्कार त्या मोठ्या कादंबरीकाराच्या नावाचा.
तो मेला, घराचं संग्रहालय झालं,
त्याची छत्री काचेत गेली,
आणि दर वर्षी थोडे पैसे निघत
त्याला दूरच्या भाषेत नेणाऱ्या कुणासाठी तरी.
मी तीनदा तीन प्रकरणं पाठवली.
एकदा उत्तर आलं, 'उल्लेखनीय'.
ते प्रमाणपत्र कपाटात आहे,
एर्मेलिंदचं स्पेलिंग चुकलेलं.

चौथं प्रकरण कधीच गेलं नाही.
त्यात एक शब्द होता, लिझ्येर.
रान जिथे संपतं ती रेघ,
आणि कापड जिथे संपतं तीही.
काठ म्हटलं तर नदी येई.
शीव म्हटलं तर तंटा येई,
आमच्याकडे तर लगेच येतो.
बारा वर्षं मी त्या एका ओळीत अडकून,
आणि कादंबरीतला तो मुलगा
रानातून बाहेर पडायचा थांबलेला, पाय उचललेला.

मग वडगावात दानव्वाकडे साडी बघताना
तिने मागावरून बोट न उचलता सांगितलं,
"ह्याला अंचू म्हणतात बाई.
लुगड्याचा अंचू, ताटाचा अंचू, रानाचा पण अंचूच की."
कानडी शब्द. मी तसाच ठेवला.
मुलाचा पाय जमिनीला लागला.
टपालखर्चाचे पैसे बाजूला काढले होते.

"काय बातमी बाई?" अडिवेप्पा म्हणाला.
"कोण गेलं काय?"
"गेलं," मी म्हणाले. खोटं नव्हतं.
त्याने टोपी काढली.
"वय काय होतं?"
मी पत्रात बघून सांगितलं, "सदतीस."
"लहानच की," तो म्हणाला,
आणि सायकल स्टँडवर लावून
पायरीच्या कडेला बसला,
जसं बसतात, न बोलता.

समजावून सांगता आलं असतं.
पण या अख्ख्या गावात
त्या पुरस्कारासाठी टोपी काढणारा तो एकटाच,
आणि तीही एव्हाना मांडीवर होती.

जाताना तिकीट मागितलं, पोरीच्या वहीसाठी.
मी वाफेवर धरून सोडवून दिलं.

दहाव्या दिवशी विजेचं बिल घेऊन आला.
"दिवस घातलासा काय?"
"घालते," मी म्हणाले.
त्या दुपारी मैदानावर पलटणीच्या बँडची तालीम चालू होती,
एकच तुकडा पुन्हा पुन्हा चुकत.
मी खिडकी लावली नाही.
चौथं प्रकरण मोठ्याने वाचलं,
मांजर आणि दोन खुर्च्यांना.

अडवी म्हणजे कानडीत रान.
ते रोज साडेअकराला सायकलवरून येतं,
घंटी वाजवतं,
आणि माझ्या फाटकाशी थांबतं.
आत येत नाही.